निवळलेल्या पाण्यातील चाके

महादू गावित. माझ्या आयुष्यात मी ज्याचा सर्वांत अधिक ऋणी आहे, त्या माणसाचे हे नाव. एम.एस्सी.च्या माझ्या प्रकल्पवहीत कृतज्ञतेचे एक स्वतंत्र पान आहे आणि त्यावर विभागप्रमुखांचे, ग्रंथपालांचे, मला खोली देणाऱ्या घरमालकांचेही नाव आहे. हे एक मात्र नाही. ते विसरलो असतो तर बरे झाले असते. मी ते लिहिले होते आणि वही बांधायला देण्यापूर्वी ते पान बदलले होते.

नाशिकच्या कॉलेजातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरले की फॉर्मलिनचा नाकाला झोंबणारा वास येई, आणि त्याच्या खालून, जरा थांबून उभे राहिले तर, उकडलेल्या भाताच्या पेंढ्याचा एक कोमट, गोडसर, किंचित कुजकट वास येई. पहिला वास बरण्यांतल्या मृत प्राण्यांचा आणि दुसरा महादूमामांच्या जिवंत बरणीचा. उत्तरेच्या खिडकीत, जिथे ऊन थेट न येता नुसता उजेड येई, तिथे काचेची एक मोठी बरणी आणि तिच्याभोवती चार लहान बरण्या असत. गोदावरीच्या वरच्या अंगाला, खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यातून मामांनी ते बीज आणले होते आणि नऊ वर्षे ते मरू दिले नव्हते. पेंढा उकडायचा, गार करायचा, त्याचे पाणी बरणीत घालायचे, वर शिजलेल्या भाताचे दोन दाणे टाकायचे. पेंढ्यावर जीवाणू वाढत, जीवाणूंवर ही अदृश्य प्रजा. मामा प्रयोगशाळेचे सेवक होते, तेही हंगामी, शिक्षण दुसरीपर्यंत. पण त्या पाण्याचा रंग पाहून आज आत कोण अधिक आहे हे ते सांगत आणि सूक्ष्मदर्शक त्यांना खोटे पाडू शकत नसे.

मी घोटीचा. वडील भाताच्या गिरणीत पोती वाहत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते आणि कॉलेजात आल्यावर पहिले वर्षभर मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून केवळ माझ्याच पापण्यांच्या सावल्या पाहिल्या. शेजारची मुले भराभर आकृत्या काढत. मी त्यांच्या आकृत्यांवरून आकृत्या काढी. ते मामांनी ओळखले होते.

“काय रं घोटीकर, दिसलं का काय?”

“दिसतंय ना, मामा.”

“काय दिसतंय?”

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक कोवळी भेंडी काढली, पात्याने तिची चकती कापली आणि काचपट्टीवरच्या थेंबात बुडवून एकदा गोल फिरवली. पाणी किंचित बुळबुळीत झाले. वर कापसाचे चार तंतू ठेवले, झाकणकाच टेकवली आणि मला म्हणाले, “आता बघ. लय पळतात ते, म्हणून तुला गावत नव्हते. भेंडीच्या चिखलात कोण पळंल?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले. काचेइतका पारदर्शक एक देह, पायाच्या टोकाने कापसाच्या तंतूला चिकटून उभा, आणि मस्तकावर दोन चाके, अखंड फिरणारी. हा रोटिफर. ती चाके खरे तर फिरत नाहीत, हे नंतर पुस्तकात वाचले. कडेने बारीक केसांची एक रांग असते आणि एकामागून एक केस वाकत जातो, जसा भाताच्या खाचरावरून वारा जावा आणि शेत जागचे न हलता लाट मात्र पुढे धावावी, तसा. मामांनी दिव्याची काजळी पाण्यात खलून तिचा एक थेंब कडेने सोडला. पाण्यातले न दिसणारे प्रवाह एकदम काळ्या रेषांनी उमटले: दोन भोवरे, दोन्ही मस्तकाकडे वळणारे, मधोमध घशात उतरणारे. घशाखाली, त्या काचेच्या देहाच्या आत, इवलेसे जबडे चालू होते, जात्यासारखे, क्षणाचाही विसावा न घेता. मग त्या जीवाने पायाची पकड सोडली आणि तो पुढे निघाला, त्याच चाकांवर.

याच गोष्टीने मी त्या विषयाशी कायमचा बांधला गेलो. पाय रोवलेला असेल तर तेच चाक घास आणते. पाय सुटला की तेच चाक वाट चालू लागते. खाणे आणि जाणे यांना निसर्गाने तिथे एकच अवयव दिला आहे आणि कोणते काम व्हायचे, हे ठरते पाय कशाला चिकटला आहे यावर. मी घोटीहून नाशिकला आलो होतो, वडील त्यांच्या तरुणपणी इगतपुरीच्या पलीकडून घोटीला आले होते, मामा पेठच्या डोंगरातल्या पाड्यावरून आले होते. आम्ही सगळे चाके फिरवीतच आलो होतो. पाय मात्र अजून कुणाचा कशाला चिकटला नव्हता.

मामांचा पाय चिकटण्याची वेळ आली ती मी शेवटच्या वर्षाला असताना. आमच्या विभागाला एम.एस्सी.चा वर्ग मिळण्याचे घाटत होते. वर्ग मिळाला तर प्रयोगशाळेत एक कायम सेवक नेमावा लागणार होता आणि त्या जागेवर मामांचेच नाव लागणार, असे विभागप्रमुखांनी सर्वांसमक्ष सांगितले होते. सर कडक होते, पण त्या बरणीचा त्यांना अभिमान होता. विद्यापीठाची समिती येईल तेव्हा तिला जिवंत संवर्धन दाखवायचे, नऊ वर्षांचे, अखंड, असे त्यांनी ठरवले होते. मामा हे ऐकून नुसते मान हलवत आणि बरणीचे झाकण उगाच पुसत.

त्या वर्षी मामांचा जुना पेंढा संपला होता. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेंढ्याची एक चांगली जुडी निवडून आणली, उन्हात ठेवली, पोत्यात घालून दिली. कॉलेजातल्या कामाला आपल्या हातचे काही लागते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले होते. मे महिन्यात मामांनी तोच पेंढा उकडून बरणीत घातला आणि आठ दिवसांसाठी ते गावी गेले. त्यांच्याकडे पावसाआधी राब भाजतात: शेताच्या एका तुकड्यावर पाला, शेण, फांद्या पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत रोपे धरतात. राब चुकला तर वर्ष चुकते.

“तू हाईस ना हितं?” जाताना त्यांनी विचारले. “मंग झालं. रोज झाकण उघडून जरा वारा दे. भाताचे दोनच दाणे. अन् पाण्याला हात लावू नको. वास आला तरी नको, रंग बदलला तरी नको.”

सहा दिवस मी तसेच केले. सहाव्या दिवशी थेंब काढून पाहिला. काचपट्टीवर अक्षरशः जत्रा होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे: नव्या पेंढ्यावर सहा दिवस ते सर्व जीव उत्तम जगले होते.

सातव्या दिवशी दुपारी अचानक निरोप आला की समिती उद्याच येते आहे. सर घाईघाईने प्रयोगशाळा पाहून गेले. खिडकीशी थबकले आणि बरणीकडे पाहून म्हणाले, “हे असं गढूळ? चहा सांडल्यासारखं दिसतंय. पाहुण्यांपुढे हे ठेवणार?” एवढेच बोलून ते पुढे गेले. मला त्यांनी काही करायला सांगितले नव्हते. माझ्या मनात मात्र एकच विचार आला, की मामा नाहीत, आणि त्यांची लाज आज माझ्या हाती आहे.

आमच्या घोटीला पावसाळ्याचे चार महिने नळाला तांबडे पाणी येई. आई दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा हंड्यात सोडी आणि डावीकडून उजवीकडे, मोजून फेऱ्या देई. मग हंड्याजवळ कुणी फिरकायचे नाही. तासा-दोन तासांनी तळाशी गाळाचा थर बसे आणि वर असे पाणी उरे की हंड्याच्या तळाचा पोचा दिसावा. लहानपणी मी तो चमत्कार रोज पाहिला होता. स्वच्छ पाणी म्हणजे चांगले पाणी. प्राणिशास्त्राच्या तीन वर्षांनीही माझ्या हातातले हे ज्ञान पुसले नव्हते. मी दुकानातून तुरटी आणली आणि त्या पाचही बरण्यांत आईसारख्याच फेऱ्या दिल्या. बरणी मोठी म्हणून दोन अधिक दिल्या.

सकाळी बरणीतून पलीकडच्या कडुनिंबाची पाने मोजता येत होती. तळाशी पांढरट, कापसासारखा थर बसला होता. मी इतका आनंदलो होतो की थेंब तपासण्याचे सुचायलाही थोडा वेळ गेला. तपासला तेव्हा पहिल्या काही थेंबांत कुणीच नव्हते. मग तळाजवळून एक थेंब घेतला आणि त्यात तो दिसला, पांढऱ्या पुंजक्याला पायाने धरून उभा. चाके फिरत होती. मी मामांसारखी काजळी सोडली नाही, पण मला कळले: भोवऱ्यांत काहीही नव्हते. पाण्यात जे जे खाण्यासारखे होते ते सारे तुरटीने ओढून तळाला नेले होते, आणि पाणी असे आंबट करून ठेवले होते की त्याचा देह आधीच आक्रसू लागला होता. तरी ते जबडे चालत होते. रिकामे, एकमेकांवर. मी पाहत असतानाच चाकांची गती मंदावली, इतकी की पुस्तकात वाचलेला तो एकेक केस वेगळा वाकताना मला प्रथमच स्पष्ट दिसला. मग चाके मस्तकात ओढली गेली आणि पुन्हा बाहेर आली नाहीत.

अकरा वाजता समिती आली. समितीतल्या एक वयस्क बाई सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिल्या, काचपट्टी सरकवत राहिल्या, आणि अखेर मृदूपणे म्हणाल्या, “सर, यात काहीच हलत नाहीये हो.” दुसरी काचपट्टी झाली, तिसरी झाली. सरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहू शकलो नाही. आज मात्र तो नीट आठवतो.

मामा दुसऱ्या दिवशी आले. कपड्यांना राबाच्या धुराचा वास होता, भुवयांची टोके होरपळली होती. सरांच्या केबिनचे दार उघडेच होते.

“कुणाला विचारून गेला होतास?”

“तुम्हालाच सांगून गेलतो ना, सर.”

“अर्ज कुठंय? लेखी कुठंय? नऊ वर्षांचं नाक कापलंस तू माझं!”

मग मामांचा आवाज आला, खालचा. “पेंढा नवा घातला होता. तो फवारलेला असंल. धुवून घ्यायला पायजे होता. माझ्याकडनं चूक झाली.”

मी दाराबाहेर पाच पावलांवर उभा होतो. आत जाऊन एक शब्द उच्चारायचा होता: तुरटी. त्याच आठवड्यात सर माझ्या एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या शिफारसपत्रावर सही करणार होते. पाच पावले मी चाललो नाही.

मामांनी काम लगेच सोडले नाही. त्या महिन्याचे उरलेले दिवस ते येत राहिले. रोटिफर वाळला तरी मरतोच असे नाही. देह आक्रसून तो धुळीच्या कणासारखा पडून राहतो आणि पाणी मिळाले की पुन्हा उठतो. हे मामांनीच मला दाखवले होते. त्यांनी बरणीच्या तळाचा तो पांढरा थर चमच्याने खरवडून कागदावर पसरला, सावलीत वाळवला, आणि रोज सकाळी त्यातली चिमूट पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. “बुरशी धरलीय बघ पेंढ्याची,” ते मला म्हणाले. “पण एखादा तरी असंल खाली दडून.” ते एक डोळा मिटून पाहत राहत आणि मी त्यांच्यामागे उभा राही. एकही उठला नाही. जूनपासून त्यांना येऊ नका असे सांगण्यात आले.

वर्ग पुढच्याच वर्षी मिळाला. मृत बरणीमुळे काही अडले नव्हते. त्या वर्गाच्या पहिल्या तुकडीत मी होतो. कायम सेवकाच्या जागेवर दुसरा माणूस आला. सज्जन होता, बरण्या त्याने अतिशय स्वच्छ ठेवल्या. माझा पाय चिकटला. आज मी नाशिकमध्येच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. घोटीच्या घरावर माझ्या नावाआधी ‘प्रा.’ लिहिलेली पाटी वडिलांनी हौसेने लावली आहे.

मामा सातपूरला एका छोट्या कारखान्यात पत्रे कापायच्या प्रेसवर लागल्याचे ऐकले होते. नंतर काही वर्षांनी ऐकले की प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे नेली आणि ते गावी परतले. ज्या बोटांनी ते झाकणकाच अशी टेकवत की तिच्याखाली एकही बुडबुडा राहत नसे, ती ही बोटे. हे ऐकल्यावरही जायला मला आणखी दोन वर्षे लागली.

पेठच्या एसटीने गेलो, पुढे पायी. उन्हाळा सरत आला होता. डोंगरउतारावर ठिकठिकाणी राबांचे काळे चौकोन होते. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी हाक मारताच त्यांनी आवाजावरून ओळखले. “घोटीकर! अरं, पोट सुटलं की तुझं. पोरांना शिकवतोस का नुसता जेवतोस?” त्यांची सून हिरा चहा घेऊन आली. सातवी शिकलेली, हसरी. म्हणाली, “सर, बाबा अजून भेंडी चिरताना बोटाला चिकट लावून उजेडात बघत बसतात. भाजी राहते तशीच.”

दारात मुलगा उभा होता, रामदास. अंगणात येता येता म्हणाला, “बघतील नाय तर काय. चांगली कायमची नोकरी पेंढ्यात घालवली म्हाताऱ्यानं. धुतला असता तर आज पेन्शन नसती का? अन् बोटं पण असती.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रोज बोलून बोलून घासून गुळगुळीत झालेले ते वाक्य होते. मामांनी मान खाली घातली आणि उरलेल्या दोन बोटांनी बाजेची दोरी सारखी केली.

रामदास आणि हिरा आत गेल्यावर ते माझ्याकडे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “एक सांगू? तो पेंढा कुठला, ते मी सरांना बोललो नाय. पोराला पण नाय. तू पण तुझ्या बापाला कधी सांगू नको हां. एवढ्या हौसेनं दिलता त्यानं. त्याचा काय दोष? त्याला वाईट वाटंल.”

बारा वर्षे. जे मी केले नव्हते त्यापासून ते मला आणि माझ्या वडिलांना वाचवीत बसले होते, आणि जे मी केले होते ते त्यांच्या घरात रोज त्यांच्याच ताटात वाढले जात होते. त्या क्षणी तरी मी बोलायला हवे होते. मी चहा संपवला. कप खाली ठेवला. “नाही सांगणार,” असे म्हणालो.

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर एकामागून एक काळे चौकोन मागे जात राहिले. घरी आल्यावर तीन दिवस मी सुट्टीतल्या जादा वर्गात रोटिफर शिकवत होतो. फळ्यावर चाके काढली, जबडे काढले, पाय काढला, बाण दाखवून प्रवाह काढले. पायापाशी आलो की खडू थांबे. चौथ्या दिवशी अंतर्देशीय पत्र आणले. ते असे पाठवले:

ती. महादूमामा यांस घोटीकराचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हिराने वाचावे आणि मोठ्याने वाचावे. रामदास घरी असतानाच वाचावे; तो नसेल तर तो येईपर्यंत बाजूला ठेवावे. मधले एकही वाक्य गाळू नये.

मामा, तुम्ही राबाला गेलात त्यानंतर सहा दिवस बरणी जिवंत होती. मी स्वतः पाहिली होती. सातव्या दिवशी मी तिच्यात तुरटी फिरवली. आई घरी हंड्यात फिरवायची तशी. पाणी गढूळ दिसते म्हणून सर बोलले, आणि तुमची लाज राखावी असे मला वाटले. तुम्ही पाण्याला हात लावू नको म्हणाला होता, ते मला आठवत होते, तरी लावला. तुम्ही जो थर बुरशी समजून वाळवत होता, तो तुरटीने बसलेला गाळ होता. तुम्ही रोज भिजवून बघत होता तेव्हा मी मागे उभा होतो आणि त्यात कुणी उठणार नाही हे मला माहीत होते.

सर तुम्हाला बोलले तेव्हा मी दाराबाहेर होतो. मला शिफारस हवी होती, म्हणून आत आलो नाही. मागच्या भेटीत तुमच्या अंगणातही मी बोललो नाही. त्याला तर काहीच कारण नव्हते.

रामदास, तुझ्या वडिलांनी नोकरी घालवली नाही. ती मी घालवली. यापुढे जे बोलायचे ते मला बोल. माझा पत्ता मागे लिहिला आहे. ये, किंवा मला बोलाव, मी येईन.

माझ्या वडिलांना मी काल घोटीला जाऊन सगळे सांगितले. त्यांनी उठून दारावरची पाटी काढली आणि आत नेऊन ठेवली. तुम्हाला एवढेच कळवायला सांगितले आहे, की जुडी त्यांनी स्वतः हाताने निवडली होती, फवारा न मारलेल्या शेतातली.

पेंढा चांगला होता, मामा.

तुमचा,
घोटीकर